अर्धे काळे छत्तीस फोटो

टेपबाईला फोटो काढायला बोलावणं म्हणजे आपण होऊन बोलणी खाणं, असं लोक म्हणायचे, आणि तरी तिलाच बोलवायचे. आली की ती आधी पिशवीतून सुतारासारखी गुंडाळीची टेप काढायची. टेपचं टोक समोरच्याच्या हातात द्यायची आणि सांगायची, "नाकाशी धरा. नाक तुमचं, माझं नाही." मग अंतर बघून ओठातल्या ओठात भागाकार. कुणी हसलंच तर, "हसून घ्या आत्ताच. फोटोत बत्तिशी नकोय मला." कॅमेरा जुना, हातोड्यासारखा जड आणि आपण होऊन काहीही न करणारा. फोकस हाताने जुळवायचा, उजेडाचा अंदाज डोळ्याने घ्यायचा, फ्लॅशचा हिशोब डोक्यात करायचा. या तिन्हीत ती कधी चुकत नाही, हे तिच्याशी भांडलेले लोकही कबूल करायचे. अशी माणसं शहरात बरीच होती. पहिला नंबर तिच्या सख्ख्या भावाचा.

त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे पडद्याची खोली आणि मागे कोळशाच्या खोलीएवढी डार्करूम. कॅमेरा बाबांनी मुलाच्या गळ्यात घातला आणि मुलीला डार्करूममध्ये उभं केलं. "मुलींचा हात हलका असतो," म्हणाले. त्या हलक्या हाताने तिने अकरा वर्षं भावाच्या फिल्म धुतल्या. कॅमेरा तिला कुणी शिकवला नाही. ती उलट्या बाजूने शिकली. दादाने काय केलं हे तिला निगेटिव्हवरून कळायचं. इथे फोकस डोळ्यांऐवजी मागच्या खांबावर बसलाय, इथे ढग आल्यावरही उन्हाचंच माप ठेवलंय, इथे फ्लॅश हातभर अंतरावरून मारून माणसाचं पीठ केलंय. ती पाकिटावर पेन्सिलने तसं लिहून ठेवायची. बाबा ते वाचून हसायचे. दादाच्या मस्तकात तिडीक जायची ती तिच्या लिहिण्यापेक्षा बाबांच्या त्या हसण्याने.

"मागे बसून अकला शिकवायला काय लागतं? एकदा गर्दीत उभी राहून काढून दाखव," तो म्हणायचा.

"दे कॅमेरा, दाखवते."

कॅमेरा तो कधीच देत नसे.

मग ते लग्न आलं. दादाने दुपारी बागेत, लख्ख उन्हात फोटो काढले. ती फिल्म चांगली आली. नंतर मंडळी हॉलमध्ये गेली. त्याने नवी फिल्म भरली, फ्लॅश चढवला आणि छत्तीस फोटो घेतले. त्यांत एक सगळ्या घराचा होता. नवरीचे आजोबा त्यासाठी आजारपणातून उठून, दोघांचा आधार घेत उभे राहिले होते. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

तिने फिल्म धुऊन दोरीवर लावली आणि एकेक फोटो बघत गेली. प्रत्येक फोटो अर्धाच होता. उरलेलं अर्धं कोरं, म्हणजे कागदावर उतरल्यावर काळं ठिक्कर. मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. घराच्या फोटोत आजोबा नेमके त्या काळ्यात गेले होते. नवरीच्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात तेवढा राहिला होता.

कारण तिला एका क्षणात कळलं. कॅमेऱ्यात फिल्मसमोर दोन कापडी पडदे असतात. एक सरकून उघडतो, मागून दुसरा मिटत येतो. वेगाची चकती साठवर असेल तर मधे क्षणभर सगळी फिल्म उघडी राहते आणि फ्लॅश तेवढ्यात चमकून जातो. एकशे पंचवीसवर ठेवली तर दुसऱ्या पडद्याला घाई होते. फ्लॅश चमकतो तेव्हा त्याने अर्धी फिल्म झाकलेली असते. दादाने उन्हातली एकशे पंचवीस हॉलमध्ये साठवर आणलीच नव्हती.

तो दारात येऊन उभा राहिला, फिल्मकडे बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "काय करून ठेवलंस हे?"

"मी?"

"मग काय मी? धुतलीस तू."

"दादा, चकती बघ तुझ्या कॅमेऱ्याची."

त्याने चकती बघितली नाही. कॅमेरा घेऊन तो बाहेर निघून गेला.

दोन दिवसांनी नवरीची आई दुकानात आली. धिप्पाड बाई, तिचा आवाज काउंटरच्या काचेवर आपटायचा. दादाने मान खाली घालून सांगितलं, "काय बोलू काकू, बहिणीच्या हातून फिल्म बिघडली. घरचंच माणूस, काय करता!" बहीण आतून ऐकत होती. ओल्या हातांनी, तशीच ती बाहेर आली.

"माझ्या हातून नाही. याने चकती चुकीच्या आकड्यावर ठेवली. फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असतात, ते बघा, किती स्वच्छ आहेत. धुताना बिघडलं असतं तर तेही गेले असते."

"मला आकडे शिकवू नकोस," नवरीची आई ओरडली. "माझे वडील गेले. शेवटचा फोटो होता तो!"

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फिल्मची पट्टी मागून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. चाळीस वर्षं ज्याने फिल्म हाताळली त्याला हे ओळखायला इतका वेळ लागायला नको होता. मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "धुताना झालं असेल."

दादाच्या खोटेपणाचं तिला नवल वाटलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा असायच्याच. पण बाबांचे ते तीन शब्द तिच्या कानात उकळत्या तेलासारखे उतरले. ती रडली नाही. आत जाऊन फळीवरचा बाबांचा पहिला कॅमेरा, जुना फ्लॅश, एक कोरी फिल्म, धुण्याची औषधं आणि डबा पिशवीत भरला आणि निघाली.

"तो कुठे नेतेस? उजेडाचा मीटर बंद आहे त्याचा," दादा म्हणाला.

"तुझं डोकं चालू होतं, त्याने काय दिवे लागले?"

ती मावशीकडे राहायला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरीच्या आईच्या दारात उभी राहिली. दार उघडलं आणि लगेच अर्धं मिटलं.

"आता काय मागायला आलीस? माफी?"

"माफी मागायला मी काही केलेलं नाही. तुमच्या घरातली एक भिंत आणि एक तास द्या. मी खोटी ठरले तर सगळ्या शहरात सांगा."

"ते तर मी आत्ताही सांगतेय."

"माहीत आहे. म्हणूनच आले."

नवरी माहेरी आलेली होती. आईच्या मागून ती म्हणाली, "येऊ दे तिला, आई. बघू तरी." तिच्या आवाजातही गोडवा नव्हता.

पडदे ओढलेल्या खोलीत तिने नवरीच्या आईला भिंतीपाशी उभं केलं. तेव्हा टेप मावशीच्या शिवणाच्या डब्यातली, दीड मीटरचीच होती. ती एकदा, दोनदा आणि वर अर्धा मीटर, अशी जमिनीवर टाकत तिने साडेतीन मीटर मोजले. "या फ्लॅशचा आकडा अठ्ठावीस. अठ्ठावीसला साडेतीनने भागलं की आठ." भिंगाचं तोंड लहानमोठं करणारी कडी तिने आठवर आणली. मग डोळा लावून फोकस जुळवू लागली. काचेत मधोमध एक गोल होता, त्यात नवरीच्या आईचा चेहरा दुभंगलेला दिसत होता, कपाळ एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे. फोकसची कडी फिरवत तिने दोन्ही भाग एकमेकांखाली नीट आणले. आयुष्यात पहिल्यांदा ती माणसावर कॅमेरा रोखत होती, आणि समोरचं माणूस तिला खाऊ की गिळू करत होतं. तिने कोपर बरगड्यांत रोवले.

"चकती मी फिरवणार नाही," ती नवरीला म्हणाली. "तुम्ही फिरवा. चार फोटो साठवर, चार एकशे पंचवीसवर. कुठला कधी ते कागदावर लिहा आणि कागद मला दाखवू नका."

आठ वेळा फ्लॅश चमकला. मग तिने दुहेरी कापडाची काळी पिशवी काढली आणि बाह्यांतून हात घालून आतल्या आत फिल्म डब्यात भरू लागली.

"पिशवीत काय चाललंय?" नवरीची आई गुरकावली. "जादू?"

"उजेड लागला तर सगळीच जाईल. मन मानत नसेल तर नंतर पिशवी उलटी करून झटका."

फिल्म तिने त्यांच्याच न्हाणीघरात, त्यांच्याच बादलीतल्या पाण्यात धुतली. फिल्म पक्की करायच्या औषधाचा आंबूस वास घरभर पसरला, त्यावरूनही दोन शब्द ऐकून घेतले. अर्ध्या तासाने ओली फिल्म खिडकीशी धरली. तीन फोटो पूर्ण, मग दोन अर्धे, एक पूर्ण, पुन्हा दोन अर्धे. नवरीने खिशातून कागद काढला. तीन वेळा साठ, दोनदा एकशे पंचवीस, एकदा साठ, दोनदा एकशे पंचवीस. मग दुकानातून मिळालेला लग्नातला घराचा फोटो तिने आणून शेजारी धरला. काळ्याची सरळ रेघ त्याच जागी होती.

"एकच फिल्म, एकच पाणी आणि हात माझाच," ती म्हणाली. "आता बोला."

दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी झालं होतं. पण नवरीच्या आईच्या तोंडून माफीचा शब्द आला नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या भावाने माझ्या तोंडावर खोटं सांगितलं. आणि तुझ्या बापाने साथ दिली. काय घर आहे तुमचं!" चपला पायात सरकवून ती तरातरा निघाली.

दुकानात काय झालं ते मावशीने शेजारणीकडून ऐकलं. सहा गिऱ्हाइकं उभी असताना नवरीच्या आईने ती आठ फोटोंची पट्टी काउंटरवर आपटली होती आणि चकती म्हणजे काय, हे नुकतंच शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पुढच्या महिन्याभरात स्टुडिओची तीन लग्नं गेली.

दादा मावशीच्या दारात आला तो आतही शिरला नाही. "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस."

"तू माझी काउंटरवर मांडलीस. मी फक्त जागा बदलली."

"बाबा तुझं तोंड बघणार नाहीत."

"त्यांना सांग, तोंड निगेटिव्हमध्ये बघायचं नसतं. तिथे गोरंही काळं दिसतं."

तो गेला आणि ती जोरात दार लावून घ्यायला गेली, तर कडी हातातच निघाली. मावशी हसली, तिला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून ती एकटीने कामं घेऊ लागली. सुरुवातीला कारखान्यातल्या यंत्रांचे फोटो काढले, कारण यंत्रांना तिचा स्वभाव खपत होता. मीटर बंद असल्याने उजेडाची सवय डोळ्यांना लावावी लागली. पहिल्या वर्षी कितीतरी फिल्म वाया गेल्या आणि प्रत्येकीवर तिने स्वतःलाही तशाच शिव्या दिल्या. पुढे माणसंही येऊ लागली. लग्न तिने केलं नाही. एक जण विचारायला आला होता, पण त्याने पहिल्याच भेटीत तिचा कॅमेरा उचलून चकती गरागरा फिरवली.

चौदा वर्षं भाऊबहीण एकाच शहरात राहिले आणि रस्त्यात समोर आले की फुटपाथ बदलत राहिले. मग एका दुपारी वहिनी तिच्या दारात आली.

"वन्सं, बाबांचं काही खरं नाही. त्यांना तुमच्याकडून फोटो काढून हवाय."

"घरात फोटोग्राफर आहे ना?"

"ते म्हणाले, तुमच्याकडूनच."

ती गेली. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. अंगावरचा सदरा दोन मापं मोठा दिसत होता. तिने नमस्कार केला नाही, टेप काढली.

"मला तेव्हाच दिसलं होतं," बाबा म्हणाले. "दुकान त्याला चालवायचं होतं. तुझं काय, तू मागे होतीस."

"तुम्हाला दिसलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलायचं तेव्हा होतं बाबा. आता बोलून तुमचं मन हलकं होईल, माझं नाही. टोक नाकाशी धरा."

त्यांनी धरलं. हात हलत होता, म्हणून तिने टेप दोनदा वाचली. खिडकीतून मऊ उजेड येत होता. चेहऱ्याची सावलीतली बाजू उचलायला तिने फ्लॅश छताकडे वळवून कमी करून घेतला आणि चकती साठवर आहे ना, हे बोटाने चाचपलं. गोलातले दोन अर्धे डोळे जुळवले. तेवढ्यात दादा हळूच येऊन खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "बाहेर हो."

"माझेही बाप आहेत."

"मग तुझ्या कॅमेऱ्याने काढ. या फोटोत मला तुझा हात नको."

वहिनीने नवऱ्याची बाही धरून त्याला बाजूला ओढलं. तिने सहा फोटो घेतले, दोन जरा जास्त उजेडाचे, दोन कमी, दोन तिच्या अंदाजाचे. टेप गुंडाळली आणि जिना उतरली.

बाबा तीन आठवड्यांनी गेले. तिने वहिनीच्या हाती एक मोठा फोटो पाठवला. त्यात सदऱ्याची वीणसुद्धा मोजता येत होती आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतली भीतीही. दादाने तो दर्शनी काचेत लावला आणि खाली स्टुडिओचं नाव टाकलं. ती दुसऱ्या दिवशी दुकानात शिरली, काचेतला फोटो काढून काखेत मारला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाली, "स्वतःच्या कामाखाली नाव टाकायला लाज वाटते, म्हणून माझ्याखाली टाकतोस?" त्यानंतर दोघं एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. फोटो तिच्या खोलीतल्या कपाटात, पाठ बाहेर करून उभा आहे. लावायला भिंत आहे, पण तिने अजून खिळा ठोकलेला नाही.