खंडेनवमीचा ॲम्प्लिफायर

"बोटं छान फिरत होती हो तुमच्या मुलीची," असं एका काकूंनी आईला सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नवरात्राच्या कार्यक्रमात मी हवाईयन गिटारवर दोन भावगीतं वाजवली होती. तबला ऐकू आला, पेटी ऐकू आली, मागे कुणाचं तरी बाळ रडलं तेही सगळ्यांनी ऐकलं. माझी गिटार मात्र पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे गेलीच नाही. मी सतरा वर्षांची होते आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घरी येऊन मी जाहीर करून टाकलं, की ॲम्प्लिफायर आल्याशिवाय त्या स्टेजवर पुन्हा पाय ठेवणार नाही.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही बसवनगुडीत राहत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. दादा नोकरीसाठी दूर उत्तरेत गेला होता आणि त्याची बायको, माझी वहिनी, आमच्याकडे राहून टेलिफोनच्या कारखान्यात जात होती. ती बेळगावकडची. कानडी आणि मराठी एकाच श्वासात बोलायची. सासूशी मोजकं बोलायची, माझ्याशी भरपूर. कारखान्यात ती काय करते हे मात्र आम्ही तिला कधी धड विचारलंच नव्हतं.

उन्हाळ्यात बातमी आली, की कॅन्टोन्मेंटातले एक अँग्लो-इंडियन गृहस्थ कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला कायमचे चालले आहेत आणि सामान विकताहेत. ते हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यांच्याकडे विलायतेतल्या एका छोट्याशा कारखान्यात हाताने जोडलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. किंमत आप्पांना जड जाणारी होती, पण अशक्य नव्हती. आप्पांचं मत आधीच ठरलेलं. "आपण इथे मशिनरी बनवतो आणि घरात एक पेटी विकत आणायची? बनवू की आपण." त्या काळात आप्पांच्या पिढीच्या इंजिनियरांना धरणापासून टाचणीपर्यंत सगळं आपण बनवू असं वाटायचं. मला तेव्हा त्याचं हसू येई. आज येत नाही.

आप्पांना वेळ नव्हता म्हणून माझ्यासोबत वहिनी आली. शिवाजीनगरला बस सोडून आम्ही चालत गेलो. त्या गृहस्थांनी माझी गिटार जोडून दिली आणि आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायला सांगितलं. मग मी एक तार छेडली. तो सूर खोलीभर पसरला, दारातून बाहेर गेला, आणि अंगणात कपडे वाळत घालणारी बाई वळून बघू लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. मला तो ॲम्प्लिफायर हवा होता, तोच हवा होता, आणि त्या क्षणी आप्पांची सगळी धरणं वाहून गेली असती तरी मला चाललं असतं.

तेवढ्यात वहिनीने विचारलं, "मागनं उघडून बघू दे काय?"

त्यांनी हसत मागची फळी काढली. वहिनी खाली बसली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिली. एकेक तार कुठून कुठे जाते ते बोट न लावता हवेतच दाखवत होती. मी तिला देवळातही असं बघताना पाहिलं नव्हतं. आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवलेला होता. तिने परवानगी मागून तो वहीत उतरवून घेतला, आणि त्या भल्या माणसाने चुकलेली एक रेघ स्वतः पेन्सिलीने दुरुस्त करून दिली.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "मी लाइनीवर बसते नव्हे, माझे आठ डाग ठरलेले. टेलिफोन पुढनं सरकत येतो, मी आठ ठिकाणी कथील वितळवून तारा जोडते, तो पुढं जातो. तीन वर्षं झाली. पुरा झालेला टेलिफोन वाजताना मी अजून ऐकला नाही." मग वही उघडून, "मला जमेल हे. पण तसाच आवाज येईल असं मी सांगणार नाही. तू बघ."

आप्पांनीही शेवटी निर्णय माझ्यावरच सोडला. वाजवणार मी, तेव्हा निवड माझी. मी रात्रभर तळमळले असं लिहायला बरं वाटेल, पण मी गाढ झोपले आणि सकाळी उठून "घरी बनवू" म्हणाले. फळीमागे बघणारा वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता, एवढंच. महिनाभरात तो विलायती ॲम्प्लिफायर दुसऱ्या कुणीतरी नेला, आणि ते कळल्यावर मी दोन दिवस वहिनीशीही नीट बोलले नाही.

पण तिचं काम बघायला लागल्यावर राग टिकवणं कठीण होतं. व्हॉल्व्ह आणि बारीकसारीक भाग रेडिओवाल्यांकडून आले. ट्रान्सफॉर्मर शिवाजीनगरच्या एका गल्लीत गुंडाळून घेतला. लाउडस्पीकर मोडक्या रेडिओग्रामचा. लाकडी पेटी आप्पांनी केली, स्लाइडरूल घेऊन, धरण बांधायचं असल्याच्या थाटात. आणि रोज संध्याकाळी, भात शिजत लावून, वहिनी डाग द्यायचं आयर्न तापवायची.

तिच्या कारखान्याचा एक नियम होता: आपला डाग आपण तपासायचा नाही. तिथे शेजारची मुलगी चिमट्याने ओढून बघायची आणि पक्का असेल तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायची. घरी ते काम माझ्याकडे आलं. मी चिमट्याने ओढायची आणि ठिपका द्यायची. एकदा एक तार माझ्या हातात आली. मी घाबरले. वहिनी म्हणाली, "सरी, बरोबर केलंस. म्हणून तर तुला बसवलंय." आणि पुन्हा जोडून दिली. तिच्या जागी मी असते तर आयर्न फेकलं असतं. तिच्या बोटांवर चटक्यांच्या बारीक खुणा होत्या. एवढी वर्षं ती आम्हाला त्याच हातांनी वाढत होती आणि त्या खुणा मला पहिल्यांदाच दिसल्या, याची मला लाज वाटली.

नवरात्राच्या आधी ॲम्प्लिफायर पुरा झाला. तो विलायतीसारखा वाजला नाही. आवाज जरा जाड होता, खालचे सूर गुळासारखे. मला तो पाच मिनिटांत जास्त आवडायला लागला. वहिनी पदराने तोंड झाकून नुसती ऐकत होती. आप्पा म्हणाले, "फर्स्ट क्लास." त्यांच्या तोंडून हे शब्द मी एकदाच ऐकलेत.

मंडळाचा कार्यक्रम खंडेनवमीच्या संध्याकाळी होता. बंगळुरात त्या दिवशी आयुधपूजा म्हणजे केवढा उत्साह! बसना केळीचे खांब बांधलेले, चौकाचौकांत फोडलेले कुंकू भरलेले कोहळे. आमच्या घरी आईने चौरंगावर पूजा मांडली होती: आप्पांची स्लाइडरूल, वहिनीचं आयर्न, पक्कड, चिमटा, माझी गिटार, आणि मधोमध ॲम्प्लिफायर. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. गिटार आणि ॲम्प्लिफायरपुरती आईने सूट दिली होती, कारण वाजवणं ही सेवा. हत्यारं मात्र हलणार नव्हती.

दुपारी तीनला मी एकदा वाजवून बघावं म्हणून बटण दाबलं. आतून तळणीत पाणी पडावं तसा चरचराट आला. गिटारचा सूर त्यात बुडून गेला.

वहिनीने वायर काढली, थोडी थांबली आणि फळी उघडली. आईने सकाळी मोठ्या कौतुकाने, मागची फळी काढून, आतल्या एकेका काचेच्या व्हॉल्व्हला ओलं हळदकुंकू लावलं होतं. एक ओघळ व्हॉल्व्हच्या बैठकीत उतरला होता आणि तिथून वीज भलतीकडे झिरपत होती. आईचं तोंड पांढरं पडलं. "मी आपली दिव्यांना लावतात तसं लावलं गं," ती म्हणाली. चूक तिची होती, पण ती अभिमानाने झालेली चूक होती, आणि म्हणून मला धड रडताही येईना.

"बैठक बदलायला लागेल," वहिनी म्हणाली. "एक जादा आणलेली आहे. नऊ डाग आहेत." आणि तिने चौरंगाकडे पाहिलं. आयर्नवर झेंडूचं फूल होतं.

"उद्या," आई म्हणाली. "पूजेतलं उचलायचं नाही."

आप्पा वर्तमानपत्रामागे गेले. मला पुन्हा त्या काकू दिसायला लागल्या, "बोटं छान फिरत होती" म्हणणाऱ्या.

वहिनी चौरंगासमोर बसली. तिने वाकून नमस्कार केला, फूल उचलून बाजूला ठेवलं आणि आयर्न हातात घेतलं. "आई, याची पूजा कशासाठी केली आपण? हे काम करतं म्हणून नव्हे का?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. आईला उलट उत्तर देणारं आमच्या घरात तोवर कुणी नव्हतं. आई स्वयंपाकघरात गेली.

वहिनीने नऊ डाग दिले. मी नऊ ओढून पाहिले. एकही हलला नाही.

त्या संध्याकाळी मी पहिला सूर लावला तेव्हा हॉलच्या शेवटच्या टोकाला, दारापाशी वहिनी उभी होती. तिथपर्यंत पोचतं का, हे तिला तिथूनच ऐकायचं होतं. मी पूर्ण गाणं तिच्याकडे बघत वाजवलं. मधे एकदा तिने डोळे मिटले, आणि मला कळलं की पोचलं. कार्यक्रमानंतर त्या काकू आल्या आणि गाण्याबद्दल बोलल्या, बोटांबद्दल नाही.

घरी आलो तर आई दारात तबक घेऊन उभी. आमच्याकडे औक्षण दसऱ्याला, सोनं लुटून आल्यावर. ते उद्यावर होतं. मी पुढे होऊन कपाळ वाकवलं. आईने मला हाताने बाजूला सारलं आणि वहिनीपुढे गेली.

वहिनीनेही कपाळ पुढे केलं.

"कपाळ नको," आई म्हणाली. "हात दे."

आणि चटक्यांच्या खुणा असलेल्या त्या एकेका बोटावर तिने कोरडं कुंकू लावलं.