शरयू 'बाई' झाली तेव्हा

मैत्रिणींनो, आज अंगणवाडीत जे पाहिलं ते मनातून जाईना.

खिचडी शिजत होती आणि मी फोनवर मुलांची हजेरी भरत होते. आमच्या बेल्ह्याकडे रेंजची बोंब, हजेरीसोबतचा मुलांचा फोटो काही जाईना. तेवढ्यात मुलांनी 'बाई-बाई' खेळायला घेतलं. चार वर्षांची शरयू बाई झाली.

तिनं पाटी डोळ्यांसमोर धरली आणि ओरडली, "हलू नका रं! फोटु जात न्हाई!" पोरं मुकाट बसली. ती पाटीवर बोट घासत राहिली.

मदतनीस ताई हसल्या. "लई डिट्टो तुमच्यावानी करती, बाई!"

मला हसू आलं नाही. बारा वर्षं मी स्वतःला शिक्षिका म्हणवते. पूर्वी बाई झालेली पोर माझं गाणं म्हणायची.

तुमच्याकडे बाई झालेली पोर काय करते?