अंबाजीभाऊंचा शब्द

आंबी गावात कुणाला पोरगं कंपनीत चिकटवायचं असलं, की आधी देवाला नारळ आणि मग अंबाजीभाऊंची पायरी, असा क्रम होता. काही जण देवाला वगळायचे. भाऊ एका कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं होते, शेवटची नऊ सुपरवायझर. ठेकेदाराला ते एवढंच म्हणायचे, "आपल्यातलाच हाय, घ्या." आणि तो घ्यायचा. त्यापोटी भाऊंनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. पहिला पगार झाला की पेढ्यांचा एक बॉक्स घरी यायचा, तेवढाच मान. रिकामे बॉक्स ते टाकायचे नाहीत. त्यांत खिळे, बिलं, गोळ्या ठेवायचे, आणि कोणता बॉक्स कुणाच्या नोकरीचा, हे त्यांना पाठ होतं.

भाऊ रिटायर झाले आणि दोन वर्षांत ठेकेदारही बदलला. नव्याला अंबाजी कोण हे ठाऊक नव्हतं. पायरीवर कुणी येईना. हातातलं काम सुटलं तर माणूस सोसतो, पण कुणी विचारेनासं झालं की त्याला घास गोड लागत नाही. नेमक्या अशा दिवसांत तो फोन आला.

पलीकडची बाई शुद्ध, लाघवी मराठीत बोलत होती. घरबसल्या फॉर्म तपासायचे, महिना बावीस हजार. भाऊ म्हणाले, "माजं वय झालं बाई. पर मानसं देतो. हितं माजा शब्द चालतो." बाई जरा थांबली. मग म्हणाली, "मग आमचे एरिया प्रमुखच व्हा ना, साहेब." जन्मभर दुसऱ्याला साहेब म्हणून सलाम ठोकलेला माणूस, तिथेच विरघळला.

पहिलं नाव त्यांनी दिलं ते शेजारच्या नंदाबाईच्या प्रेरणाचं. पोरगी बीकॉम झालेली, तळेगावात एका कपड्याच्या दुकानात काम करायची. फोनवर आलेलं नेमणुकीचं पत्र तिने दोनदा वाचलं.

"भाऊ, नोकरी देणारे पैसे कशाला मागतात?"

"अगं, नोंदणीचं एकोणपन्नास रुपये. तुज्याकडं कार्ड न्हाई तर माजं लाव."

ते क्रेडिट कार्ड भाऊंना त्यांच्या मुलाने, ओंकारने, अडीअडचणीला म्हणून काढून दिलं होतं. प्रेरणा काही बोलणार, तेवढ्यात नंदाबाईने तिला गप्प केलं. "भाऊंनी सांगितलंय नव्हं? मग इचारायचं न्हाई." पोरीने दुकान सोडलं. नंदाबाईला एवढा भरवसा, की पगाराची वाट न बघताच तिने पेढे आणले. बॉक्स भाऊंच्या हातात ठेवला आणि पाया पडली.

दुसऱ्या दिवशी बाईने कार्डावरचे आकडे विचारले, पाठोपाठ मोबाईलवर आलेला नंबर. हा कुणालाही सांगू नका, असं त्या मेसेजमध्येच लिहिलं होतं. पण भाऊंची हयात गेटवर गेलेली. तिथे पासचा नंबर विचारला की समोरच्याने मुकाट सांगायचा; जो हुज्जत घालतो तोच चोर, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. विचारणाराच चोर असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्यांनी नंबर खड्या आवाजात दोनदा सांगितला. त्या आठवड्यात चार नंबर सांगितले.

प्रेरणा महिनाभर डोळे फोडून फॉर्म तपासत बसली. पगाराच्या दिवशी बाईचा फोन बंद लागला. त्याच संध्याकाळी ओंकारने कार्डाचं बिल उघडलं. परदेशातल्या कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या नावांनी एकसष्ट हजार गेले होते.

"आबा, गेटवर असं कुणाला बी आत सोडलं असतं का तुमी?" तो म्हणाला.

कार्ड बंद केलं, पोलिसांत तक्रार दिली. पैसे हप्त्याने फेडू, असं ओंकार नंतर नरमाईने म्हणाला. पण दुकानातली प्रेरणाची जागा गेली ती गेलीच. नंदाबाईने शिव्या घातल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. ती पूर्वीसारखंच विचारायची, "च्या झाला का, भाऊ?" फक्त उत्तराला थांबायची नाही.

दिवाळीनंतर भाऊंच्या कानावर आलं, की त्यांच्याच जुन्या कंपनीच्या ऑफिसात माणसं घेताहेत आणि प्रेरणाने अर्ज केलाय. केलेलं निस्तरायची ही एकच संधी होती. त्यांनी शर्टाला इस्त्री केली. नव्या ठेकेदाराशी काय बोलायचं, ते मनात चारदा घोळवलं. तेवढ्यात दारात नंदाबाई उभी. कितीतरी दिवसांनी आली होती.

"ये, बस," भाऊ घाईने म्हणाले. "समदं कळलंय मला. उद्या सकाळीच गेटवर जातो आन् शब्द टाकतो."

ती बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्येच सांगाया आले, भाऊ. पोरीनं सोताच्या मार्कांवर अर्ज केलाय. तुमी तितं आमचं नाव काढू नगा."

"व्हय," भाऊ म्हणाले.

प्रेरणाला नोकरी लागली. भाऊंना ते गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. पहिला पगार झाला तशी नंदाबाई ताट घेऊन आळीत फिरली. घरटी एक पेढा. भाऊंच्या दारातही आली, आणि त्यांच्या हातावर एक पेढा ठेवून पुढच्या घरी गेली.