निशाची गिटार शांत झाली

निशा जेवते का, ही माझी काळजी नाही. नाटक कंपनीत दोन वेळचं जेवण मिळतं, आणि नटी असोत की वादक, सगळ्यांना एकाच पातेल्यातलं. थंडीचीही नाही, जाड स्वेटर मी स्वतः बॅगेत घातला होता. माझी काळजी वेगळी आहे. दिवाळीपासून ती गिटारबद्दल एक शब्दही बोललेली नाही. सात वर्षांत असं कधी झालं नाही. आणि आज रात्री ती गिटार सोडते की ठेवते, हे ठरायचं आहे.

माझी मुलगी झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवते. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, मंडप उभा राहतो, मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. रंगमंचापुढे कमरेइतका खड्डा खणलेला असतो, त्यात वादक बसतात. कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड आणि कोपऱ्यात निशा. वादकांत बाई ती एकटीच. हंगाम संपला की वडशाच्या भाड्याच्या खोलीत राहते. तिथेही एकटीच.

तिच्या लहानपणी आम्ही गडचांदूरच्या कॉलनीत राहायचो, अजून मी तिथेच आहे. तिचे बाबा चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे. रस्त्याने दहा डंपर गेले तरी पाच वर्षांची निशा ओट्यावरून ओरडायची, "बाबाचा आला!" नंबर वाचता येत नव्हता, आवाजावरून ओळखायची. बी.कॉम.ला चंद्रपूरला होती तेव्हा बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डकडे गिटार शिकली. बाबा गेले त्या वर्षी तिने जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार नागपूरहून आणली. तेरवीनंतर नातेवाईक पांगले आणि आम्ही दोघी उरलो. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक, त्यामुळे संध्याकाळी दोघी घरीच. ती वाजवायची, मी भाजी निवडायची. फार बोलायचो नाही. बोलायची गरज वाटत नव्हती.

मागच्या हंगामाच्या शेवटी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"आई, धनराजभाऊ म्हणते, तुझी गिटार लय गुरगुरते. रडायच्या सीनमध्ये हिरोईन रडून राह्यली अन् मागून माझी गुरगुर. लोक हसले."

धनराजभाऊ म्हणजे कंपनीचे मालक. पुढच्या साली गुरगुर राहिली तर गिटार नको, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं.

"पिकअप बदलावे लागंन," निशा म्हणाली.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते, तीच पुढे स्पीकरमधून आवाज होऊन येते. हे वाचलं आणि मला हुरूप आला. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, वेटोळी आणि चुंबकं वीस वर्षं मुलांच्या हातात देत आले. निशाच्या जगातली एक गोष्ट पहिल्यांदाच माझ्या ओळखीची निघाली.

सगळा पावसाळा आम्ही फोनवर पिकअप निवडत होतो. तिला हवे होते ते तिच्या जुन्यांसारखेच, एकाच वेटोळ्याचे, फक्त नीट गुंडाळलेले आणि मऊ चुंबकाचे. मी मात्र दुहेरी वेटोळ्याच्या बाजूने होते. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की बाहेरून शिरणारी गुरगुर आतल्या आत मरते. साधा हिशोब.

"गुरगुर जाईन, पण चटका बी जाईन ना वो आई."

"चटका कसला?"

"तार तोडल्यावानी जे वाजते ते. अंगावर काटा येते ते. मले आवाज पायजे, नुसती चुप गिटार काय करू?"

"अगं, आधी काम टिकू दे. आवाज मागाहून बघू. शास्त्र तुला कळतं की मला?"

"तुलेच," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर दुहेरीच घेऊ."

ही तिची खोड आहे. दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सांगत नाही. तिच्या बाबांचीही होती. मला ठाऊक असून मी ऐकलं नाही.

दिवाळीला ती आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून मी गिटारच्या पोटावरची पांढरी पट्टी उघडली. शाळेची सोल्डरिंगची, डाग देण्याची सळई आणली होती. तीनही जुने पिकअप काढले, नवे बसवले, तिने बॅटरीचा उजेड धरला आणि मी एकेक तार जोडली. इतक्या जवळ आम्ही कितीतरी दिवसांत बसलो नव्हतो. मग तिने छोट्या स्पीकरला गिटार लावली. खरंच, गुरगुर नाही. मी टाळी वाजवली.

"बघ! किती शांत!"

तिने दोन-तीन सूर वाजवले. तारांवर तळहात ठेवला.

"हो. शांत हाय," म्हणाली आणि गिटार पिशवीत घातली. फराळाचं ताट तसंच राहिलं होतं, ते मी तिच्यापुढे केलं. तिने एक अनारसा खाल्ला.

त्यानंतर मी रोज सकाळी दहाला शाळेत जाताना फोन करायची. "हो आई. बरी हाय. हो, जेवली." एवढंच. पहाटे सहाला नाटक संपवून, दोन-तीन तास गाडीत हेलकावे खाऊन नुकतीच आडवी झालेली मुलगी दहा वाजता दुसरं काय बोलणार? हे मला दोन महिने सुचलं नाही.

मागच्या शनिवारी मी आरमोरीला मावसबहीण वच्छलाकडे गेले. जवळच्या गावात निशाच्या कंपनीचं नाटक होतं. निशाला कळवलं नव्हतं. तिला वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं, याची मला आता लाज वाटते. शाल डोक्यावरून घेऊन बायकांत बसले. गाणी झाली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. गिटार ऐकू येत होती, स्वच्छ, जागच्या जागी. पण ती निशा वाजवते आहे असं वाटत नव्हतं. मला संगीत कळत नाही, पण ती वडशाला जाईपर्यंत मी तो आवाज रोज संध्याकाळी घरात ऐकला आहे.

मध्यंतरात मी मागे साउंडच्या टेबलाकडे गेले. तिथे दादाजी बसतात, कंपनीचे साउंडवाले, साठीचे असतील. मी ओळख सांगितली तर त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"बसा बाई. निशाची माय काय तुमी? मंग सांगा, पोरीनं गिटार काऊन बदलली?"

"गिटार तीच आहे. आतले पिकअप बदलले. गुरगुर होती ना."

ते हसले. "गुरगुर तर जमिनीची होती, बाई."

"म्हणजे?"

"आपण अर्थिंगची सळाक कुठी गाडतो? बांधीत. दिवाळीले बांधी वली राह्यते, काही गुरगुर नाई. फागुन येते तं भेगा पडते. सळाक नुसती उभी राह्यते, देखावा. यंदा मी सळाक डबल खोल गाडून राह्यलो, मीठपाणी टाकून राह्यलो. तुमी काही बी लावा गिटारले, गुरगुर येत नाई."

 प्रयोगशाळेच्या मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दर उन्हाळ्यात मीच शिपायाकडून पाणी ओतून घेते.

"हे तुम्ही तिला का नाही सांगितलं, भाऊ?"

"मले कोण पुसलं? तुमची पोरगी बोलतेच कुठी? खड्ड्यातून निघाली का गाडीत, गाडीतून निघाली का खड्ड्यात." मग त्यांनी आवाज खाली केला. "पोरगी धनराजले म्हणे परवा, मी सोडतो म्हणे. कीबोर्डवाल्याच्या पेटीत गिटारचं बटण हाय, ते दाबा, तसाच आवाज येते. धनराज म्हणे, पुढच्या शनिवारच्या नाटकानंतर पक्कं सांग, मी त्याले दोन्ही काम देतो. बाई, मागच्या साली पोरगी वाजवे तं चहावाला बी गाळणी हातात धरून उभा राहे. आता कोणी पाह्यत नाई."

मी खड्ड्याजवळ गेले. बाकी सगळे मंडपामागे भजी खात होते, हसण्याचा आवाज येत होता. निशा खाली एकटी बसून वायर गुंडाळत होती. एकदा तिने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे. पण तिच्या डोळ्यांवर हॅलोजन होता, मी तिला दिसले नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि काय म्हणायचं ते सुचेना. मी परत फिरले.

"पोरीले न भेटता आलीस?" वच्छला म्हणाली. "एवढ्या थंडीत मले उठवून दार उघडाले लावलंस, अन् भेटली बी नाई? कोनती माय होस वो तू!"

तिला मी कारण सांगितलं नाही. हा आठवडाभर रोज सकाळी दहाला फोन केला आणि रोज जेवलीस का एवढंच विचारलं. अर्थिंगचं बोलले नाही. बोलले असते तर आपण चुकीचं निवडलं हेही बोलावं लागलं असतं, आणि ती म्हणाली असती, "असू दे ना आई." ते मला ऐकवलं नसतं.

आज शनिवार. रात्रीचा सव्वा वाजला आहे. शेजारच्या घरातला दिवाही गेला. हे लिहायला बसले ते यावरून उद्या तिला पत्र लिहावं म्हणून. पण उद्यापर्यंत ती धनराजभाऊंना हो म्हणून मोकळी झालेली असेल. मग कीबोर्डवाला दोन्ही कामं करेल आणि निशा वडशाच्या खोलीत बसेल. फोनवर मला म्हणेल, बरी हाय.

दीडला मध्यंतर होतो. ती जागी असते, खड्ड्यात एकटी असते. तिला सांगते की पिकअप मी निवडले आणि चुकीचे निवडले, गुरगुर तुझ्या गिटारची नव्हतीच, दादाजींना विचार. धनराजभाऊंना आज नाही म्हण. तुला हवे होते ते एकेरी मागवू, आणि डाग द्यायला मी वडशाला येते, तू घरी येऊ नको.

ती गप्प राहील. राहू दे. मी फोन ठेवणार नाही.

पंधरा मिनिटं आहेत. नंबर काढून ठेवते.