एफुआ आंटीच्या आवाजात

सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या आमच्या अकराव्या मजल्यावर रविवारी सकाळी दोन वास येतात. एक आमच्या पोह्यांच्या फोडणीचा आणि दुसरा शेजारून, उकळत्या जवसाचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, यांच्यातही जवसाची चटणी करतात वाटतं!"

चटणी नव्हती ती. शेजारची एफुआ आंटी जवस पाण्यात उकळते, जुन्या पातळ कापडातून गाळते आणि तो बुळबुळीत रस स्वतःच्या आणि मुलीच्या केसांना लावते. आंटी घानाची. इथे एका शिपिंग कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघते. काका जहाजावर इंजिनिअर आहेत, वर्षातून दोनदा येतात, आणि आले की पहिले तीन दिवस नुसते झोपतात. मुलगी अजुआ सहा वर्षांची. ती मला 'ताई' म्हणते. हे माझ्या आईने शिकवलं. बाकी त्या दोघी इंग्रजीतच बोलतात. मी इथे त्यांना मराठीत बोलायला लावते आहे, पण बोलण्याची चाल त्यांचीच ठेवली आहे. तेवढं मला येतं.

खरं तर तेवढंच येतं. कोणीही दोन मिनिटं बोललं की त्याचा आवाज माझ्या घशात येऊन बसतो. नवव्या मजल्यावरचे अंकल, आमचे निशिकांतकाका, शाळेतल्या केमिस्ट्रीच्या मॅडम. सगळे आहेत.

आंटीची आमची ओळख झाली ती एका मोडलेल्या कंगव्यामुळे. दोन वर्षांपूर्वी तिला ऑफिसात अडकायला झालं आणि अजुआ दुपारभर आमच्याकडे होती. आईला ते मोकळे केस बघवेनात. तिने पोरीला पुढ्यात घेतलं, वाटीभर खोबरेल तेल जिरवलं आणि माझ्या वेण्या घालायची तसा कंगवा थेट मुळाशी घालून खाली ओढला. कंगव्याचे दोन दात मोडले. अजुआने जी किंकाळी फोडली, ती ऐकून लिफ्टमधून नुकतीच बाहेर पडलेली आंटी पळतच आली.

मला वाटलं, आता भांडण. मी अगदी पुढे सरकून बसले. पण आंटीने पर्स ठेवली, हात धुतले, आईच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाली, "शुभदा, केस कडक नाहीत. तुझ्या कंगव्याला घाई आहे."

मग तिने करून दाखवलं. आधी पाणी. बाटलीने फुस्स, फुस्स. "तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल म्हणजे झाकण. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय उपयोग?" मग बोटांनी चार भाग. मग रुंद दातांचा कंगवा, आणि तो टोकाकडून. टोक सुटलं की जरा वर, ते सुटलं की आणखी वर. मुळाशी पोचायला तिला तास लागला. अजुआ तोवर तिच्या मांडीवर झोपून गेली होती.

"वा!" आई म्हणाली. "आमच्याकडे एवढ्या वेळात लग्नाची मुलगी तयार होते."

"एइ! मग तिचे केस कोणी विंचरलेच नाहीत, नुसते बांधले," आंटी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की अजुआ जागी झाली.

त्या संध्याकाळी मी बाथरूमच्या आरशासमोर आंटीला पकडलं. सोपी होती. आवाज छातीच्या खालून काढायचा आणि वाक्यातला शेवटचा शब्द भाजीची जड पिशवी ओट्यावर ठेवावी तसा ठेवायचा. आश्चर्य वाटलं की 'एइ!' म्हणायचं. मला इतका आनंद झाला की मी बाबांना ऑफिसातून आल्या आल्या, बूटही काढू न देता, सगळं करून दाखवलं.

पुढे मी रविवारी तिच्याकडे जाऊन बसू लागले. केसांसाठी नाही. आवाजासाठी. पण कान उघडे असले की बाकीचंही आत येतंच.

नऊ वर्षांची असताना तिच्या मावशीने तिच्या केसांना सरळ करायचं औषध पहिल्यांदा लावलं. "मावशी म्हणाली, भाजायला लागलं तर सांग. पण लगेच सांगू नकोस." जितकं सोसाल तितके केस सरळ. ती सोसत राहिली, पुढची बावीस वर्षं. तिच्या डाव्या कानामागे पैशाएवढा गुळगुळीत डाग आहे, तिथे काही उगवत नाही. सिंगापूरला आल्यावर तीन सलूनवाल्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "अय्यो, कॅनॉट लाह, धिस काइंड हेअर, माय मशीन स्पॉइल!" हे ती स्वतः करून दाखवायची, आणि वाईट करायची. मग मी चांगलं करून दाखवायचे. ती मांडीवर थापा मारत हसायची.

अजुआ झाल्यावर तिने कात्री घेतली आणि औषध लावलेले सगळे केस बोटभर ठेवून कापून टाकले. ऑफिसात लोकांनी हळूच विचारलं, बरी आहेस ना, रिपोर्ट काय आले? "मी त्यांना काय सांगणार? घरात एक बाळ आहे. उद्या ते विचारेल, आई, तुझे केस नीट का करून घेतेस? म्हणजे माझे बिघडलेले आहेत का? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी प्रश्नच कापून टाकला."

आता तिचे केस डोक्याभोवती वीतभर उभे असतात. ती लिफ्टमध्ये शिरली की आधी केस येतात, मग ती.

दर रविवारी ती अजुआला पुढ्यात घेऊन विचारायची, "आज आपले केस काय म्हणतात?" अजुआ ओरडायची, "तहान लागली!" मग फुस्स, फुस्स. इतक्या मजेत डोकं धुऊन घेणारं मूल मी दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः अजून आईशी भांडते.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं जे आहे, ते 'नकळत झालं' असं मला म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या मराठी घरांचा गणपती होता, त्यात मी एकटीचा कार्यक्रम केला. 'आमची लिफ्ट'. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्यांपैकी बरेच जण हे वाचतील. त्यांना आठवत असेल. आठवत नसेल तर बरं.

आईने आंटीला आणि अजुआला आग्रहाने बोलावलं होतं. आंटी पिवळा, मोठ्या नक्षीचा झगा घालून आली आणि तिने केस पूर्ण मोकळे सोडले होते. दारात स्वागताला उभ्या असलेल्या लतामावशींनी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं, हातात मोदक दिले. मी पडद्याआडून पाहिलं होतं. त्या आल्यात हे मला दिसत होतं. मला वाटलं, आंटीला मज्जा येईल. म्हणजे, तसं मी स्वतःला सांगितलं. खरं हे की हॉल भरलेला होता, आणि मला तिच्याशिवाय शेवट नव्हता.

नवव्या मजल्यावरचे अंकल झाले. "वा, गर्ल आह, सो लेट थेन गो स्कूल?" हशा. निशिकांतकाका झाले, तेच पहिल्या रांगेत सर्वांत मोठ्याने हसले. मग मी पाठ वळवली आणि डोक्यावर भांडी घासायचा काथ्या चढवला. काळा रंगवलेला, रबरबँडने बांधलेला. वळले. एक शब्दही बोलले नव्हते तरी हॉलभर हशा फुटला. मी बाटली काढून पहिल्या रांगेवर पाणी मारलं. फुस्स, फुस्स. "माझे केस काय म्हणतात? तहान लागली!" टाळ्या. आणि मग मी ते म्हटलं, तिच्याच आवाजात, शेवटचा शब्द अगदी तसाच जड ठेवून, "शुभदा, हे केस नाहीत. ही घासणी आहे. कंगवा नको, भांडी आण."

अंकलचं ते एक वाक्य सोडलं तर बाकीचा सगळा कार्यक्रम मराठीत होता. आंटीचा भाग इंग्रजीत, कारण आंटी इंग्रजीत बोलते. म्हणजे त्या संध्याकाळी त्या दोघींना पुरता समजलेला तेवढाच एक तुकडा.

आंटीने टाळ्या वाजवल्या. हात डोक्याच्या वर नेऊन. अजुआ बाकावर उभी राहून हसत होती. आई मागे खांबाजवळ होती, तिने वाजवल्या नाहीत.

परत येताना लिफ्टमध्ये बाबांसकट आम्ही पाच जण. अकरावा आला तसं आंटी म्हणाली, "तुझा कान फार चांगला आहे, अश्लेषा." आणि दार उघडून आत गेली.

घरात आई एवढंच म्हणाली, "पोरीने ऐकलं ना गं."

"ती हसत होती, आई!"

"हो. तेच म्हणते मी."

मला कळलं नाही. पुढच्या रविवारी कळलं. कॉरिडॉरकडची आमची खिडकी उघडीच असते. जवसाचा वास आला. आंटीचा आवाज आला, "आज आपले केस काय म्हणतात?" मग पुन्हा. मग अजुआचा आवाज, पण तो अजुआचा नव्हता. छातीखालून काढलेला, आंटीचा, खरं म्हणजे माझा आंटीचा, "हे केस नाहीत. ही घासणी आहे."

आणि मग रडणं. तिचे केस धुवायचे नव्हते, विंचरायचे नव्हते, तिला ते नकोच होते. तास दीड तास ते चाललं. मी पोह्याची बशी हातात घेऊन खिडकीखाली बसून राहिले, म्हणजे कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला मी दिसणार नाही.

काही दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा अजुआ दारात खेळत होती. तिने आंटीचे काळे लेगिंग्ज डोक्यावर चढवले होते. कंबर कपाळावर, दोन पाय दोन्ही खांद्यांवरून खाली. ती मान हलवून ते पाय उडवत होती, मी केस उडवते तसे. अगदी तसे. पोरीची नजर तेज आहे.

"ताई, बघ! आता माझे केस चांगले आहेत, हो ना?"

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी 'होमवर्क आहे' म्हणाले.

रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी जाऊन माफी मागून आले कधीच. ती माझी होती, मी बोलावलं होतं म्हणून. तुझी तू माग."

तीन दिवस मी जिना वापरला, लिफ्टमध्ये भेट नको म्हणून. अकरा मजले. चौथ्या दिवशी गेले. आंटी ओट्यापाशी जवस गाळत होती. मी 'सॉरी' म्हणाले आणि माझाच आवाज मला इतका पातळ वाटला की दुसऱ्या कोणाचा तरी घ्यावासा वाटला.

ती कापड पिळत राहिली. "मला लोक हसले आहेत, अश्लेषा. ऑफिसात, सलूनमध्ये, माझ्या स्वतःच्या गावात. त्याची सवय आहे. आणि त्या दिवशी मीही चुकले. मी टाळ्या वाजवल्या. वाटलं, मी उठून गेले तर पोरीला कळेल की हा अपमान होता. वाजवल्या तर तिला गंमत वाटेल. तिला वाटलं, आई कबूल करते आहे."

"मी तिला सांगते ना, आंटी. की ते सगळं खोटं होतं."

"सांग."

अजुआ सोफ्यावर होती, लेगिंग्जसकट. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हणाले, अजुआ, ते मी म्हणाले होते, मम्मा नव्हे. मी वाईट बोलले. तुझे केस सुंदर आहेत.

ती माझ्याकडे बघत राहिली, खोटं पकडल्यासारखी. "नाही. मम्माच म्हणाली. मी ऐकलं."

मी आंटीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सहा वर्षं मी तिला या आवाजात एकच गोष्ट सांगितली. तू त्याच आवाजात दुसरी सांगितलीस. तू दुसऱ्या कुठल्याही आवाजात म्हणाली असतीस तर तिने तुला ओरबाडलं असतं."

तिने मला रागावून हाकललं असतं तर मला आवडलं असतं. तिने मला स्टूल दिलं. "रविवारी येऊन इथे बस. तिला तुझं बघून करायला आवडतं. पण आवाज नाही. कोणाचाच नाही."

मी जाते. अजुआ दर वेळी म्हणते, "ताई, मम्माचं कर!" मी नाही म्हणते. मग ती रडते, आणि आंटी टोकाकडून सुरुवात करते. एकदा मी आधी माझे केस ओले करून दाखवले. तिने बघितलं आणि म्हणाली, "पण तुझे खाली पडतात." आंटी नुसतं म्हणाली, "हो, तिचे पडतात. तुझे उभे राहतात. मान ताठ कर."

नोव्हेंबरमध्ये अजुआच्या बालवाडीचा शेवटचा समारंभ होता. निळा गाऊन, चौकोनी टोपी, फोटो. आंटीने आदल्या दिवशी तीन तास बसून तिच्या बारीक पिळाच्या वेण्या घातल्या होत्या, टोकांना पिवळे मणी. सकाळी अजुआ लेगिंग्ज घालूनच बाहेर आली. सोडवायला गेलं की दोन्ही हातांनी धरून ठेवी. आई आमच्या दारात उभी, मी आईच्या मागे. मला वाटलं, आंटी आता ते ओढून काढेल. तिने काढलं नाही. टोपी त्याच्यावर बसवली, इलॅस्टिक हनुवटीखाली घेतलं, आणि स्वतःचे केस मोकळे ठेवून, पोरीचा हात धरून लिफ्टकडे गेली. लिफ्टमध्ये कोणीतरी होतं. दार बंद होताना हसू ऐकू आलं.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तो फोटो फ्रेम होऊन आला होता. निळा गाऊन, दात पडलेलं हसू, आणि दोन्ही खांद्यांवरून लोंबणारे लेगिंग्जचे पाय. आंटी हातोडी घेऊन स्टुलावर चढली होती. हॉलमध्ये, दारासमोर, जिथे येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दिसेल.

"आंटी, हा इथे का?"

"माझी मुलगी आहे. सहा वर्षांची असताना अशी होती. मी का लपवू?" तिने तोंडातला खिळा काढून ठोकला. "स्टूल धर. हलतंय."

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. तिने फोटो खिळ्याला अडकवला.

"वाकडा आहे का?"

मला वर बघावं लागलं. "डावीकडे थोडा वर," मी म्हणाले.