काशिनाथ मिस्त्री आणि बोटीचा पाय

गेल्या महिन्यात भाजीबाजारात आमच्या दवाखान्याचा जुना शिपाई भेटला. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, "सिस्टर, आपले मिस्त्री गेले हो." मी त्याच्यावरच खेकसले, "कोण मिस्त्री? नीट सांग की!" नीट काय सांगायचं... काशिनाथ मिस्त्रींना जाऊन पंधरा दिवस होऊन गेले होते. मला कोणी कळवलं नाही म्हणून आधी राग आला. मग वाटलं, ते निवृत्त झाल्यापासून मी तरी त्यांची कितीदा चौकशी केली होती? मेथी न घेताच घरी आले.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. गंगापूर धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना धड रस्ता नव्हता. लशी टोचायला, बाळंतिणी बघायला मला तिकडे जावं लागे, म्हणून दवाखान्यासाठी मुंबईची एक वापरलेली मोटरबोट ट्रकवर घालून आणली. तिचं इंजिन पोटात, आणि मागं पाण्यात सोडलेला एक जाडजूड पाय, त्याच्या टोकाला पंखा. मिस्त्री मूळचे पेठकडचे, देवळाली कॅम्पात ट्रक दुरुस्त करून हात बसलेला माणूस. बोटीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "पोट ठीक हाय, सिस्टर. दुखणं निघालं तर या पायाचंच निघणार." दर शनिवारी ते बोट काठावर ओढून घेत, पायाच्या तळाचा स्क्रू सैल करत आणि ऑइलचे दोन थेंब तळहातावर घेऊन उन्हात धरत. काळं असलं तर चालेल, पण दुधाळ दिसलं की आत पाणी शिरलं, गिअरचं वाटोळं! मग पाय आणि बोट यांच्यामधलं भात्यासारखं रबर घडी न् घडी चाचपून बघत. मी चिडवायची, "मिस्त्री, बायकोची नाडी कधी अशी बघितलीत का?" ते खाली मान घालून म्हणायचे, "ती बुडाली तर मला घेऊन बुडंल. ही तुम्हाला घेऊन बुडंल, सिस्टर."

पुढच्या वर्षी दसऱ्याला मिस्त्री भातकापणीसाठी रजेवर गेले. जाण्याआधी तपासणी चोख केलेली, मी स्वतः बघितली होती. बोटीची पूजा मात्र मी केली. माझाच उत्साह दांडगा! साधा दोरा तुटतो म्हणून कोळ्यांकडून जाळ्याचा नायलॉनचा दोरा मागून आणला, त्यात झेंडू ओवला आणि हार थेट पंख्याला बांधला. दुसऱ्या दिवशी घाईघाईत फुलं ओरबाडून काढली. दोरा मागं अडकून राहिला, हे माझ्या गावीही नव्हतं.

आठवड्याने एका अडलेल्या पोरीला घेऊन येत होतो. ऐन मधोमध पायातून खडखड आवाज आला आणि पंखा थांबला. इंजिन चालू, बोट मात्र जागची हलेना. चालकाने फळीने वल्हवत काठ गाठेपर्यंत ती पोर माझ्या मांडीवर बाळंत झाली. माय-लेक दोघं वाचली, म्हणून आज हे लिहिण्याचं धाडस होतंय.

रजेवरून आलेल्या मिस्त्रींनी पाय खोलला. आतून ताकासारखं ऑइल आलं. पंखा काढला तर दांड्याला करकचून गुंडाळलेला दोरा, आणि त्याने कापलेलं, पाणी अडवणारं रबरी सील. दोऱ्याला एक पिवळी पाकळी चिकटलेली होती. "मिस्त्री, मी साहेबांना सांगते," एवढं कसंबसं म्हणाले. त्यांनी दोरा खिशात घातला. "तुमची नोकरी अजून कच्ची हाय. माझी पक्की हाय, ठपक्यानं मोडायची नाय." तपासणीत हयगय केली, असा ठपका त्यांच्यावर आला. त्यांना मिळू घातलेली हेडमिस्त्रीची जागा दुसऱ्याला गेली. आणि मी, एरवी साहेबालाही फटकन बोलणारी बाई, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पुढे माझी नोकरी कायम झाली, साहेबाची बदली झाली, बोटही भंगारात गेली... तरी बोलले नाही. भित्री होते, दुसरं काय!

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी विषय काढला होता. "मिस्त्री, तो दोरा..." ते चहा फुंकत म्हणाले, "कोणता दोरा?" आणि नातवाचं काहीतरी सांगत बसले.

परवा त्यांच्या घरी गेले. जाताना रविवार कारंजावरून शेवंतीचा चांगला मोठा हार घेतला. खुर्चीत फोटो ठेवला होता, समोर ताटलीत सुटी फुलं. मी हार पुढे केला तशी त्यांची मुलगी सुमन अवघडून म्हणाली, "मावशी, राग मानू नका, हार नको. आप्पांनी कित्येक वर्षं घरात ओवलेला हार येऊच दिला नाही. दसऱ्याला सायकललासुद्धा सुटीच फुलं. का, ते कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, कसला तरी नवस असेल."

मी खाली बसले. हार मांडीवर घेतला आणि एकेक फूल काढून ताटलीत ठेवत तिला सगळं सांगितलं. पूजा, ती बाळंतीण, खिशात गेलेला दोरा, ठपका... फुलं संपली. उरलेला दोरा मी तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "नवस नव्हता गं. त्यांनी मला सांभाळलं होतं."