सावित्रीचा नंबर

स्मार्टफोन सावित्रीने पहिल्यांदा पाहिला तो कोल्हापूरच्या तुरुंगात, आणि तोही हातभर अंतरावरून. कोरोनामुळे भेटी बंद झाल्या होत्या. शिपाईबाईंनी फोन समोर धरला आणि त्यात कुणकेश्वरचा तिचा भाऊ सत्यवान दिसला. सावित्री मोठमोठ्याने ओरडून बोलली. गाव एवढं लांब, आवाज पोचायला नको?

तिची शिक्षा काजूच्या बांधावरून झालेल्या भांडणाची. जावेशी तोंडातोंडी झाली, सावित्रीने दगड उचलून मारला, आणि पडलेली जाऊ पुन्हा उठली नाही. "दगड माझ्याच हातचो," असं तिने पोलिसांना सांगितलं आणि कोर्टातही तेच सांगितलं. नवरा आधीच गेलेला, मूल नाही. सुटली तेव्हा सासरचं गाव तिला संपलेलं होतं. तुरुंगाच्या दारात सत्यवान उभा होता. देवळाजवळ त्याची चहाभज्यांची टपरी. तो एवढंच म्हणाला, "चल ताये. भजी तळूक माणूस व्हया."

भजी तिला येत होती. बाकी जग मात्र ओळखू येईना. रेशनला जा, बँकेत जा, दवाखान्यात जा, जिथे तिथे लोक विचारत, "ओटीपी काय आला?" बँकेत तिच्या नावापुढे नवऱ्याचा जुना नंबर होता, आणि तो आता पुण्यातल्या कुणा मुलाकडे होता. मग सगळीकडे सत्यवानाचा नंबर. त्याचे हात पिठात, तो म्हणे, "वाईच थांब गो." ती थांबे. तो चांगलाच होता, पण प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचं हो मिळेपर्यंत उभं राहणं तिला नकोसं झालं होतं. ते ती आत पुष्कळ करून आली होती.

एके दिवशी ती एकटीच एसटीने देवगडला गेली. बाजारात वजीराभाबीचं मोबाईलचं दुकान होतं. भाबी साठीकडे झुकलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. नवरा वर्षानुवर्षं जहाजावर. त्याच्याशी बोलायचं म्हणून तिने फोन शिकून घेतला आणि पुढे फोनचंच दुकान टाकलं.

"इतकी वर्सा एक पण नंबर नाय?" भाबीने विचारलं. "खंय होतंस?"

सावित्रीने दुकानात दुसरं कुणी नाही हे बघितलं आणि सांगून टाकलं. तुरुंगात होते. कशासाठी होते तेही.

भाबीने स्टूल पुढे सरकवलं. "बस. ह्यो फोन हातात घे. अगो, इच्चू नाय तो, चावूचो नाय."

त्यानंतर दर मंगळवारी सावित्री तिथे जाऊ लागली. नवं सिम झालं, बँकेत नंबर जोडून झाला. चौथी शिकलेली असल्याने वाचता येत होतं, पण टाईप करताना बोट भलत्याच अक्षरावर पडे. भाबीने बोलून शोधायला शिकवलं. सावित्री म्हणाली, "माका देवगडची गाडी बघूची आसा." फोनने काहीतरी भलतंच लिहिलं. दोघी पोट धरून हसल्या. त्याला मालवणी येत नाही हे कळल्यावर सावित्री त्याच्याशी कोर्टात बोलायची तसं बोलू लागली : "मला देवगडची गाडी दाखवा." साहेबाने ऐकल्यासारखं फोन लगेच वेळापत्रक पुढे करी.

पहिला ओटीपी स्वतःच्या फोनवर आला, त्या दिवशी तिने तो अख्ख्या टपरीला मोठ्याने वाचून दाखवला. सत्यवानाने कपाळावर हात मारला. "गो, तो कोणाक सांगूचो नसता!"

मग तिला आत राहिलेल्या बायका आठवल्या. तिने एक पोस्टकार्ड घेतलं, त्यावर आपला नंबर ठळक लिहिला आणि बराकीतल्या हौसाच्या नावाने पाठवलं. हौसा कराडकडची. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी नंबर वाचून दाखवला आणि तिने तो ओवीसारखा पाठ करून टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"साविते, मी हौसा. सुटले गं. भाऊ न्यायला आला न्हाई. स्टँडवर बसलेय. आता कुठं जाऊ?"

"हयसर ये," सावित्री म्हणाली. "माझ्याकडे."

फोन स्टँडवरच्या चहावाल्याचा होता. सावित्रीने त्याला व्हिडिओ लावायला सांगितला. हौसाने तिला पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "केस किती पांढरं झालं गं तुझं!" सावित्रीने तोवर गाडीची वेळ शोधली होती. चहावाल्याने हौसाला देवगडच्या गाडीत बसवलं आणि सावित्रीच्या सांगण्यावरून कंडक्टरचा नंबरही घेऊन दिला.

फोंडाघाटात रेंज गेली. कंडक्टरचा फोन लागेना. सावित्री कढईसमोर उभी होती, पण लक्ष सगळं फोनकडे.

"ताये, भजी जळली!" सत्यवान ओरडला.

"जळांदेत!"

अखेर नांदगावहून कंडक्टरचाच फोन आला. "मावशी, तुमच्या पाहुण्या खिडकीला डोकं लावून मस्त झोपल्या आहेत."

देवगडच्या स्टँडवर सावित्री उभी होती, आणि दुकान लवकर बंद करून वजीराभाबीही. भाबीच्या हातात जत्रेतल्या गोड खाज्याचा पुडा होता. खाली उतरलेल्या हौसाने आधी खाजा तोंडात टाकला आणि मग विचारलं, "समुद्र कुठाय?" तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

हौसा आठवडाभर कुणकेश्वरला राहिली. मग भाबीच्या ओळखीने देवगडजवळच्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात तिला काम मिळालं, जवळच खोली मिळाली आणि अर्थातच हातात स्वतःचा फोनही आला. सावित्रीच्या नंबरावर त्यानंतर तुरुंगातून सुटलेल्या आणखी दोघींचे फोन आले. एकीला आईच्या घरचा रस्ता हवा होता, तो सावित्रीने नकाशात शोधून दिला. दुसरीला नुसतं बोलायचं होतं.

हौसाला फोनमधली एकच गोष्ट मनापासून आवडली. रोज पहाटे ती सावित्रीला गुलाबाच्या फुलांचं 'शुभ सकाळ' पाठवते, कधी कधी एकाच सकाळी चार. सावित्री पीठ भिजवता भिजवता वैतागते, "हिका दुसरा काय काम नाय?" पण एखाद्या दिवशी सात वाजेपर्यंत गुलाब आला नाही, तर तीच हात पुसून फोन लावते आणि विचारते, "गो हौसा, बरी आसस मां?"